बाराबंदीचं माप

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सोलापूरच्या पार्क चौकात चहा पिताना आमच्यात एक भांडण झालं, आणि ते इतक्या वाईट पद्धतीनं झालं की मी अजून मनातल्या मनात ते भांडतोय, म्हणून शेवटी लिहायला बसलो. आमच्यातल्या एकाच्या वडलांची पंच्याहत्तरी जानेवारीत आली होती, नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर. वडील म्हणजे अप्पा, लिंगायत, मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते, जन्मभर ग्रामदैवत सिद्धरामेश्वराचे भक्त. तरुणपणी जत्रेतल्या नंदीध्वजाची काठी पेललेले, आता पेलवत नाही तर नुसते पुढं चालतात, पण चालतात ते पांढरी बाराबंदी, म्हणजे बारा बंदांचा अंगरखा, घालूनच. पोरगा मात्र आमच्यासारखाच, कॉलेजपासनं देव न मानणारा, उलट आमच्यापेक्षा दोन पावलं पुढं. त्यानं चहात बिस्कीट बुडवत विचारलं की अप्पांना नवी बाराबंदी शिवून द्यावी म्हणतोय, पण आपण तर यातलं काहीच मानत नाही, मग ते ढोंग होईल का?

झालं, टेबलाच्या दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, "तूच कॉलेजच्या अंकात जत्रेवर लेख लिहिलेलास बे, आता त्याच जत्रेचा ड्रेस शिवायलास, मग तुझ्यात आन् बाकीच्यांत फरक काय राहिला?" दुसरी म्हणाली, "बापापुढं कसलं तत्त्व काढायलास, दे की शिवून, पाया पड, विषय संपला." तासभर हेच चाललं, तीन राउंड चहा झाला, आणि उठताना सगळे आपापलं मत घट्ट धरून उठले. मला राग आला तो एका गोष्टीचा. दोन्ही पार्ट्या तासभर फक्त पोराबद्दल बोलत होत्या. पोराचं तत्त्व, पोराचं ढोंग, पोराचं कर्तव्य. भेट ज्याला द्यायची त्या माणसाबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. अप्पांची आत्ताची बाराबंदी किती वर्षांची आहे, कुठं विरलीय का, त्यांना नवी हवी तरी आहे का, का त्या जुन्या कपड्यातच त्यांचा जीव आहे? हे कुणाला सुचलंच नाही, मलापण नाही, मला ते घरी जाताना गाडीवर सुचलं.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो. आईबापाच्या श्रद्धेतली वस्तू त्यांना द्यायला आपल्याकडं ती श्रद्धा असायची काही गरज नाही. गरज असते ती माहितीची. आणि ही माहिती आपल्यासारख्या देव न मानणाऱ्यांकडं फार कमी असते, कारण आपण वीस-पंचवीस वर्षं "आपला त्याच्याशी संबंध नाही" म्हणून त्या खोलीत पाऊलच टाकलेलं नसतं. आपण ज्याला तत्त्व म्हणतो त्यातला बराच भाग हा असा न टाकलेल्या पावलांचा असतो.

हे मी तोंड वर करून सांगतोय कारण मी स्वतः यात सपशेल आपटलोय. आईच्या सत्तरीला मी ऑनलाइन विठोबाची मूर्ती मागवली. दीड फूट उंच, काळी, चकचकीत, फायबरची का कशाची ते देव जाणे (हो, हे मी अजून म्हणतो, सवय जात नाही). मला वाटलेलं केवढा मोठा मनाचा मुलगा मी, स्वतः मानत नाही तरी आईसाठी विठ्ठल आणला. आईनं खोकं उघडलं, हात जोडले, छान आहे म्हणाली आणि मूर्ती टीव्हीच्या कपाटावर ठेवली, भाच्याच्या कबड्डीच्या ट्रॉफीशेजारी. देव्हाऱ्यात का नाही ठेवली विचारलं तर म्हणाली, "अरे, घरातले देव अंगठ्याएवढे असावेत. एवढा मोठा देव आणला की त्याचं सगळं करायला लागतं, रोजचं न्हाणं, रोजचा नैवेद्य, गावाला जायचं म्हटलं तरी कुणाला तरी सांगून जायचं. मी हाय तोवर करीन, माझ्यामागं तू करणारैस?" यावर माझ्याकडं काय उत्तर होतं? म्हणजे सत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्याला वाढदिवसादिवशी मी एक नवी काळजी लावून दिली होती, आपल्या माघारी या देवाचं काय होणार ही. सहा-सात महिन्यांनी तिनं स्वतःच रिक्षा करून ती मूर्ती ओळखीच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन महिने सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मी अजून एक उद्योग करणार होतो, थोडक्यात वाचलो. मधल्या मारुतीजवळ एका दुकानात तुळशीच्या मण्यांची सुंदर माळ दिसली, चांदीत गुंफलेली, म्हटलं घ्यावी. दुकानदारच शहाणा निघाला. म्हणाला, आई माळकरी आहेत ना, मग ही कशाला, ती काय दागिना आहे का. खरंच की. वारकऱ्यात माळ कुणी विकत आणून गळ्यात घालत नाही, ती महाराजांच्या हातनं घालून घेतात, आणि घातली की मटण बंद, दारू बंद, एकादशी धरायची, वारी करायची. ती माळ म्हणजे एक शब्द दिलेला असतो. लिंगायतांचं इष्टलिंगही तसंच, ते गुरूकडनं दीक्षेत मिळतं आणि अंगावर राहतं, त्याला चांदीची नवी करंडी एकवेळ देता येईल पण लिंग "गिफ्ट" देता येत नाही. ज्या घरात जन्मलो त्या घरात कुठली गोष्ट विकत मिळते आणि कुठली मिळत नाही एवढंही आपल्याला माहीत नसतं, आणि आपण टेबलावर बसून ढोंग का तत्त्व यावर भांडतो.

आता समोरच्या पार्टीचे मुद्दे. ते हलके नाहीत, त्यामुळे नीट घेतो.

पहिला, ढोंगाचा. जे मानत नाही त्याला हातभार लावायचा म्हणजे मत विकणं. ऐकायला हे एकदम स्वच्छ वाटतं. पण मला आठवतं ते आमच्या घरातलं अंडं. मी सहावीत होतो, टायफॉइडमधनं उठलेलो, डॉक्टर म्हणाले पोराला रोज एक अंडं द्या. आईच्या गळ्यात माळ. त्या बाईनं पिशवीत पिशवी घालून दुकानातनं अंडी आणली, गॅलरीत वातीचा स्टो मांडला, त्यासाठी एक ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं काढलं ज्याला काळ्या दोऱ्याची खूण बांधलेली, आणि दोन महिने रोज अंडं उकडून, चमच्यानं काढून, सोलून माझ्या हातात दिलं आणि मग हातपाय धुऊन आत आली. तिला कुणी ढोंगी म्हणालं नाही. तिची माळ बाटली असंही कुणी म्हणालं नाही, खरं तर भजनातल्या एक-दोघी म्हणाल्याही असतील, तिनं ऐकलं नसेल. तिनं अंड्यावर विश्वास ठेवला नव्हता, पोराकडं बघितलं होतं. जे तिला तिच्या देवासकट जमलं ते आम्हाला आमच्या बुद्धिवादासकट का जमू नये? आमचं तत्त्व तिच्या माळेपेक्षा नाजूक आहे का?

आणि मताची किंमत मोजायचीच म्हणाल तर ज्यांनी मोजली त्यांच्याकडं बघा. आमच्या टेबलावरच्या निम्म्या लोकांनी दयानंद कॉलेजमधनं डिग्री घेतलीय. ते कॉलेज सोलापुरात १९४० साली निघालं, त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३८ च्या डिसेंबरात, निजामाविरुद्धच्या सत्याग्रहासाठी आर्यसमाजाची मोठी परिषद सोलापुरातच भरली होती. ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते आर्यसमाज काढणारे दयानंद चौदा-पंधरा वर्षांचे असताना महाशिवरात्रीच्या रात्री वडलांबरोबर देवळात जागत बसले होते, पिंडीवर उंदीर फिरताना बघितला, आणि वडलांना उठवून विचारलं की हाच तो जगाचा मालक का. पुढं काही वर्षांनी त्यांनी घर सोडलं ते कायमचं. ही झाली तत्त्वाची किंमत. आम्ही काय सोडलंय? आम्ही सत्यनारायणाला "मी नाही बसणार" म्हणतो आणि शिरा दोनदा घेतो. (दयानंदची पोरं परीक्षेच्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराला जाऊन येतात हा वेगळाच विषय, स्वामीजींना काय वाटत असेल कोण जाणे.) घरात राहायचं, आईच्या हातचं खायचं, बापाच्या नावावरच्या घरात झोपायचं, आणि एक अंगरखा शिवायची वेळ आली की तत्त्व आठवायचं, याला मी तत्त्वनिष्ठा म्हणायला तयार नाही. ही लाज आहे, मित्र काय म्हणतील याची.

दुसरा मुद्दा खरा जड आहे. मित्रानं कॉलेजच्या अंकात जो लेख लिहिला होता तो उगीच नव्हता. गड्ड्याची कथा सगळ्या सोलापूरला माहितीय. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं मनात धरलं, ते योगी, लग्न करणार नव्हते, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, म्हणून देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता पडतात. आणि दुसऱ्या दिवशी होम होतो, तो ती कुंभारकन्या सती गेली त्याची आठवण म्हणून. मित्राचा सवाल होता की आपण लाखो लोक मिळून एका पोरीच्या जळण्याचा सोहळा करतो आणि कुणालाच काही वाटत नाही? सवाल रास्त आहे, आजही आहे, मी त्याच्याबरोबर आहे. पण त्याच कथेचा पहिला अर्धा भागही वाचा की. एका माणसाला एक गोष्ट मनापासनं पटत नाही, समोरचीला तीच हवीय. तो लेक्चर देत नाही, हाकलून देत नाही, आणि खोटं बोलून बोहल्यावरही चढत नाही. आपल्याकडं जे आहे, रोज हातात असतं, ते काढून देतो. आमच्या टेबलावरच्या दोन्ही पार्ट्यांना जो तिसरा रस्ता दिसत नव्हता तो सोलापूरकर दर संक्रांतीला डोक्यावर अक्षता टाकून साजरा करतात. होमाला विरोध करून बाराबंदी शिवता येते. अप्पा अक्षतेला चालतात, त्यांना कपडा देणं म्हणजे होमावर सही करणं नव्हे.

पण या मुद्द्याचं एक रूप असं आहे की त्यापुढं मी गप्प बसतो. आमच्याच टेबलावर एक मित्र आहे, बौद्ध. त्याचं सगळं घर बौद्ध झालं तरी त्याच्या आजीनं खंडोबाचा टाक ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता, आणि आईला अजून पंढरपूरला जावंसं वाटतं, दबक्या आवाजात म्हणते. त्या रविवारी तो काहीच बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तुमचं बरंय बे, तुम्हाला देव नको म्हणायची फॅशन हाय. आम्हाला देवानंच नको म्हटलेलं." यावर कोण काय बोलणार? आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, चोखोबा मंगळवेढ्याचे, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर पायरीशी, म्हणजे मेल्यावरही बाहेर. देऊळ दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं आणि बाबासाहेब म्हणाले की जिथं आपल्याला लांबनं दर्शन घ्यावं लागतं ते पंढरपूर कशाला, आपण दुसरं पंढरपूर उभं करू, हा प्रसंग तर घराघरात सांगतात. रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात गेल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. ज्याच्या मागं हे सगळं उभं आहे त्यानं आईला विठोबाचा फोटो घेऊन द्यावा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? नाही म्हणणार. तिथं मित्राचं "नाही" ही लाज नाही, तो स्वाभिमान आहे, आणि माझं सगळं लॉजिक तिथं दारातच थांबतं. फक्त एवढंच की हे कारण त्याचं आहे. आम्ही बाकीच्यांनी, ज्यांच्या आजोबांना गाभाऱ्यापर्यंत कुणी अडवलं नाही, ते उसनं घेऊ नये.

आणि त्यातही एक वाट निघते, ती पण पंढरपूरचीच. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. स्वतः वारीला जाऊन देवळात पाऊल टाकत नसत असं सांगतात, बाहेर झाडायचे आणि कीर्तनात लोकांना विचारायचे की दगडात देव कुठाय. तरी ज्यांना त्या दगडाला भेटायचंय त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून बांधली. आणि पुढं तीच वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बघा म्हणजे, ज्यानं पंढरपूरकडं पाठ फिरवली त्याच्या संस्थेला पंढरपुरातली भेट, आणि ती स्वीकारली गेली. का स्वीकारली गेली? कारण देणाऱ्यानं मूर्ती दिली नाही, अंगारा दिला नाही, घेणाऱ्याला ती जशी वापरायची तशी वापरता येईल असं काहीतरी दिलं. आमच्या बौद्ध मित्राला मी काही सुचवलं नव्हतं, सुचवायचा अधिकारही नाही. पण त्यानं परवा आईला माघवारीच्या वेळी चालायचे चांगले बूट घेऊन दिले आणि कुठं चाललीस हे विचारलं नाही.

तिसरा मुद्दा अंधश्रद्धेचा, तो मी पटकन उरकतो कारण त्यात वाद घालण्यासारखं फार नाही. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, त्यामुळे आपल्याकडं हा विषय चहाबरोबर घेण्याइतका हलका राहिलेला नाही. तेही सांगायचे की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे. भेटीला हीच चाळणी लावा. ज्या वस्तूनं आईबापाची भीती वाढते ती देऊ नका, मग ती कितीही मागितलेली असो. साडेसातीची अंगठी, वास्तुदोषाचं यंत्र, कुणा बाबाच्या खास बैठकीची पाच आकडी पावती, हे नाही द्यायचं, आणि का नाही देत ते तोंडावर सांगायचं. पण पोथी मोठ्या अक्षरात हवीय कारण मोतीबिंदूनं दिसत नाही, यात कुठली भीती आहे? टाळाची दोरी तुटलीय, यात कसलं शोषण?

चौथा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, कारण एकेकाळी तो माझाच होता. आईला तिच्या मताची वस्तू द्यायची तर माझ्या मताचं पुस्तक का नाही? विचार बदलणारं एखादं चांगलं पुस्तक ही पण भेटच ना? आणि याच्या बाजूनं केवढं मोठं उदाहरण आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं, आणि जवळपास पन्नास वर्षांनी नागपुरात काय झालं ते जगाला माहितीय. एका पुस्तकाच्या भेटीचा एवढा मोठा परिणाम दुसरा मला तरी माहीत नाही. मग?

मग हे बघा की केळुसकर काय करत होते. ते त्या पोराला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला बघत होते, कितीतरी दिवस, त्याला काय वाचायला आवडतं, किती भूक आहे हे त्यांना माहीत होतं. पुस्तक त्या भुकेला दिलेलं होतं. आपण साठी-सत्तरीच्या माणसाला बुद्धिवादाचं पुस्तक देतो तेव्हा कुठली भूक बघितलेली असते? आपली, मत सिद्ध करायची. आणि त्या गोष्टीचा जो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आहे. ते चरित्र वाचून भीमरावांनी वडलांना विचारलं की तुम्ही आम्हाला हे का नाही दिलं वाचायला, रामायण-महाभारतच का वाचायला लावत होता? रामजी सुभेदार कबीरपंथी. ते म्हणाले की आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणा बसायचा, तो जावा म्हणून, द्रोण आणि कर्ण बघा कुठनं कुठं गेले, वाल्मीकी कोळी होता. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, आणि हेही की वडलांच्या बोलण्यात वजन होतं पण आपलं समाधान झालं नाही. म्हणजे मत बदललं नाही, पण पोरानं विचारलं आणि बापानं कारण सांगितलं. जी पोथी पोराला बेड्या वाटत होती ती बापानं काठी म्हणून हातात धरलेली होती. आपल्यातल्या किती जणांनी आईबापाला हे "का" विचारलंय, भांडणात नाही, साधं, जेवताना?

मी विचारलं, मूर्तीचा फज्जा झाल्यावर. आई शेंगा सोलत होती, चटणीसाठी. म्हटलं तू वारीला का जायचीस ग, विठोबा काय द्यायचा तुला? ती थोडा वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "इथं घरात मी सून, जाऊ, काकी, सगळ्यांचं काहीतरी. तिथं सगळे माऊली म्हणत. पोरगंसुद्धा माऊली, म्हातारी पण माऊली. चार दिवस कुणाचीच कुणी नव्हते." आणि वर असं की, "विठोबा देतो काय रे, तो तर नुसता उभाय." मी पंचवीस वर्षं जिला देवभोळी समजत होतो तिच्या देवाबद्दलच्या कल्पना माझ्यापेक्षा साफ होत्या. त्यानंतर तिला काय द्यायचं हा प्रश्न सोपा झाला. तिला आता चालवत नाही. तिच्या जुन्या दिंडीतल्या ज्या तिघी अजून आहेत, एक मोहोळला, दोघी इकडंच, त्यांना गाडी करून एका एकादशीला आमच्या घरी आणलं, साबुदाण्याची खिचडी आणि भगर मी केली, भगर चिकट झाली, त्यांनी हरिपाठ म्हटला, आणि चौघी संध्याकाळपर्यंत एकमेकींना माऊली माऊली करत बसल्या. माझा देवावरचा विश्वास होता तेवढाच आहे, म्हणजे शून्य. आईनं पण माझ्या शून्याबद्दल काही विचारलं नाही.

उलटं पण होतं, हे विसरायला नको, आणि तिथं हाच नियम श्रद्धाळू पोरांना लागू आहे. सोलापुरात लाल बावट्याची घरं काही कमी नाहीत, विडी कामगारांच्या मोर्चात आयुष्य गेलेले म्हातारे आहेत, त्यांची पोरं आता अध्यात्मात. एका ओळखीच्यांच्या बायपासनंतर पोरीनं त्यांना न विचारता घरात पूजा घातली, "बाबांसाठी". बाबा बेडरूममध्ये दार लावून बसले. ते पण प्रेमच होतं, पण कुणाच्या मापाचं? त्या बाबांना त्यांच्या जुन्या कॉम्रेडांना घरी बोलावून चहा दिला असता तर जास्त बरं वाटलं असतं, आणि पोरीच्या देवालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं बहुतेक.

तर मित्राच्या बाराबंदीचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. त्यानं आमचं कुणाचंच ऐकलं नाही. घरी जाऊन अप्पांना विचारलं, काय बोलणं झालं ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. एवढं कळलं की जुनी बाराबंदी एकोणीस वर्षांची होती आणि काखेपाशी विरलेली. जुनीच मापाला घेऊन हा शिंप्याकडं गेला, गड्ड्याच्या आधी तिथं रांग असते, त्याला दोन चकरा पडल्या. पंच्याहत्तरीच्या दिवशी अप्पांनी ती अंगात घातली, सगळे बंद बांधायला घेतले, एकेक मोजत, आणि आतल्या दोन बंदांवर येऊन थांबले. म्हणाले, "हे आखूड झाले की रे. वाकलो की सुटतील." पोरगा म्हणाला उद्याच्या उद्या बदलून आणतो. अप्पा म्हणाले, "तू नको, मला घेऊन चल. त्याला दाखवतो कुठं लावायचे ते."